अर्धा पिक नसतो

अध्यक्षमहाराज, गुरुजींच्या घरची मंडळी, दिवसपाळी उरकून डबा हातात घेऊनच इथं आलेले माझे बंधू, मागं उभ्या असलेल्या आयाबहिणी आणि पुढं सतरंजीवर मांडी घालून बसलेली पोरं,

संक्रांत होऊन चार दिवस झाले. समोरच्या तारांवर अजून कापलेले पतंग लोंबताहेत, आणि निम्म्या पोरांच्या बोटांना सुरती मांज्याच्या चिरा आहेत. हवा कोरडी आहे, ओठ फुटताहेत. संयोजकांनी मला श्रावणात बोलवायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, श्रावणात कानबाई बसवा, रोट खा. माझं व्याख्यान जानेवारीत ठेवा. असं का म्हटलं ते शेवटी कळेल. येताना दोन वस्तू आणल्यात, त्या टेबलाखाली आहेत. पहिल्या रांगेतल्या एकानं आत्ताच वाकून बघितलं. बघू नकोस रे.

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: विद्युतभार आणि पदार्थाचं कणरूप. ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे ते गुरुजी असते तर चष्म्यावरून बघत म्हणाले असते, 'म्हणजे काय ते सांग.' म्हणजे एवढंच, की रुपयाला जसे पैसे, तशी विजेला सुटी नाणी आहेत का? असतील तर सगळ्यात लहान नाणं कोणतं? आणि ते कोणी डोळ्यांनी बघितलेलं नसताना त्याची किंमत कळली कशी?

त्याआधी शब्दांचा घोळ मिटवू. इथं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकून पुढं गुजराती माध्यमात गेलेले किती जण आहेत? बरेच हात वर झाले. मग तुम्हाला हा चटका बसलेला असणार. मराठीत 'अणू' म्हणजे मूलद्रव्याचा कण, आणि दोन-चार अणू जोडले की 'रेणू'. गुजराती पुस्तकात पहिल्याला 'परमाणु' म्हणतात, आणि दुसऱ्याला, म्हणजे आपल्या रेणूला, म्हणतात 'अणु'. मी आठवीत पाण्याच्या 'अणू'त काय काय असतं या प्रश्नावर पाण्याचा अणू नसतोच, रेणू असतो, असं बाणेदार उत्तर लिहिलं होतं. दोन्ही मार्क गेले. गंमत म्हणजे हीच गुजराती भाषा काक्रापारच्या वीजकेंद्राला 'अणुमथक' म्हणते, 'परमाणुमथक' नाही. आज मी मराठी अणू वापरणार आहे. परीक्षेत मात्र तुमच्या बाई सांगतील तेच लिहा.

आता मुद्द्याकडे येतो. हा विषय समजायला सुरतेतल्या आपल्या या बमरोलीइतकी सोयीची जागा नाही. लूमवरून उतरलेलं ग्रे कापड घ्या. लांबून बघा, सलग पाण्यासारखं दिसतं. कापड तपासायचं छोटं भिंग ठेवून वाका, की एकेक आडवा धागा सुटा दिसायला लागतो. त्याला आपण पिक म्हणतो. इंचात बावन्न पिक असतील, साठ असतील, पण साडेबावन्नावा पिक कोणी टाकलाय? धागा एक तर इकडून तिकडं जातो, नाही तर लूम थांबतो. अर्धा पिक नसतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, तेवढ्यावर मी तासभर काढणार आहे.

माझे वडील उधन्याच्या एका कारखान्यात होते. खानदेशातून तापीकाठच्या गाडीनं आलेले, तुमच्यातल्या बहुतेकांच्या वडलांसारखे. थंडीत रातपाळीहून आले, की अंधारात टेरिकॉटचा शर्ट डोक्यावरून काढायचे आणि चट् चट् असा आवाज व्हायचा. बारीक निळसर ठिणग्या. मी गोधडीतून बघायचो आणि मला वाटायचं, बाबा कारखान्यातून वीज चोरून आणतात.

ती वीज कारखान्यातलीच होती, पण तारेतली नव्हती. वार्पिंगवर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. शेकडो बॉबिनांवरून पॉलिएस्टरचे धागे फणीतून बीमकडे धावतात. घासतात. कोरड्या दिवसांत ते धागे एकमेकांपासून फटकून राहतात, फुगतात, शेजारच्या लोखंडाला मात्र चिकटतात. हात जवळ नेला, की मनगटावरचे केस उभे. म्हणून कोणी फरशीवर पाणी मारतं, कोणी दमट हवेची सोय करतं, आणि यार्न बनवणारा मुळातच धाग्यावर तेलाचा पातळ हात फिरवून पाठवतो. वॉटरजेट लूमवर हा ताप होत नाही, कारण तिथं धागाच ओला, भार साठायच्या आत वाहून जातो.

काय होतं घासल्यावर? नवीन काही तयार होत नाही. एका पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. ज्याच्याकडे जास्त झाले तो ऋण, ज्याचे गेले तो धन. सगळ्या धाग्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. साडीचा पदर अंगाला चिकटतो, वर उचलला जातो, तेव्हा थांबून विचार करा: खाली अख्खी पृथ्वी त्या पदराला ओढते आहे, आणि वर ओढणारे आहेत घासून इकडचे तिकडं झालेले मूठभर कण. तरी पदर वर जातो. विजेची ओढ गुरुत्वापेक्षा किती दांडगी आहे, हे सांगायला याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

(एक पोटटीप, पतंगवाल्यांसाठी. १७५२ साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिननं ढगांतली वीज आणि ही घासल्याची वीज एकच आहे, हे पतंगाच्या प्रयोगातून मांडलं. तुम्ही करू नका. पावसात पतंग उडवणारा सुरती मी अजून पाहिलेला नाही, पण सांगून ठेवतो. धन आणि ऋण ही नावं त्याचीच. वीज म्हणजे एक द्रव, तो ज्याच्यात जास्त तो धन, असं त्यानं ठरवलं. 'जास्त' कुठं, हा त्याचा अंदाज नेमका उलटा निघाला. म्हणून पुढं इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा त्याच्या माथी उणे चिन्ह आलं, आणि प्रवाह एकीकडे अन् इलेक्ट्रॉन दुसरीकडे हा घोळ दहावीची पोरं आजही निस्तरताहेत.)

पण वीज द्रव आहे की दाणे, हे ठिणगीवरून कळतं का? नाही कळत. नळाचं पाणी बघून पाण्याचे रेणू दिसतात का? ठिणगी म्हणजे लांबून बघितलेलं कापड. भिंग कुठून आणायचं?

ते भिंग सुरतेच्या जुन्या गल्ल्यांत आहे. जरीच्या मुलाम्याच्या कारखान्यात.

येवल्याची पैठणी आपल्या घरी लग्नात येते, तिच्या पदरातली जरी बहुतेक करून सुरतेची असते. २०१० साली सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पैठणीलाही त्याच सुमाराला. म्हणजे सोनं इथलं, मोर तिथला. चांदीची किंवा तांब्याची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करतात, चपटी करून बादला करतात, रेशमावर किंवा सुतावर गुंडाळतात, आणि त्यावर मुलामा चढवतात. त्याला कारागीर गिलीट म्हणतात.

मी ते काम बराच वेळ उभं राहून बघितलं आहे. खोली अरुंद, वास उग्र. सोन्याच्या त्या द्रावणात सायनाइड असतं, त्यामुळे मालक मला म्हणाला, काकाश्री, हात खिशात ठेवा. एका बाजूच्या फिरकीवरून तार सुटते, द्रावणात बुडी मारते, पलीकडच्या फिरकीवर चढते. आत जाताना लाल. चांदीच्या टाकीतून निघाली की पांढरी. पुढच्या टाकीतून निघाली की पिवळी. भिंतीवर एक ॲमीटर, त्याच्या काट्यावर कारागिराचा एक डोळा कायम. मी विचारलं, मीटरकडे काय बघता, तारेकडे बघा ना. तो हसला. म्हणाला, सोनं मीटरमध्ये दिसतं, तारेवर फक्त रंग दिसतो.

मंडळी, त्या माणसानं मला मायकेल फॅरडेचा नियम सांगितला होता.

फॅरडे लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, बांधायला आलेली पुस्तकं वाचत शिकला. १८३३-३४ च्या सुमाराला त्यानं द्रावणांतून वीज सोडली आणि किती धातू चढला ते तोलून बघितलं. निघालं असं, की किती वीज गेली यावर किती धातू चढला हे ठरतं, बाकी कशावर नाही. टाकी मोठी की लहान, तार जाड की बारीक, याचा संबंध नाही. एक अँपिअर प्रवाह एक तास चालवला तर हिशेबानं चांदी चढते ४.०२ ग्रॅम. सोन्याच्या त्या सायनाइडच्या द्रावणातून सोनं, ७.३५ ग्रॅम. मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून तांबं, १.१९ ग्रॅम. प्रत्यक्षात थोडी वीज इतर उद्योगांत वाया जाते, पण हिशेब हा.

आता हे आकडे नुसते बघून काही कळत नाही. ४.०२, ७.३५, १.१९, कुठल्यातरी बिलावरचे वाटतात. पण रसायनवाल्यांनी तोवर प्रत्येक मूलद्रव्याचे तुलनात्मक भार काढलेले होते. हायड्रोजन १ धरला तर चांदी १०८, सोनं १९७, तांबं साडेत्रेसष्ट. म्हणून असं विचारा: १०८ ग्रॅम चांदी चढवायला किती वीज लागते? ९६,४८५ कूलंब. (एक अँपिअर एक सेकंद वाहिला, की एक कूलंब.) १९७ ग्रॅम सोनं चढवायला? तेच, ९६,४८५. एक ग्रॅम हायड्रोजन सुटायला? पुन्हा ९६,४८५! आणि मोरचुदातलं साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं? त्याला बरोबर दुप्पट. २७ ग्रॅम ॲल्युमिनियमला बरोबर तिप्पट.

दीडपट कुणाला लागते? पावणेदोनपट? एकालाही नाही. एकपट, दुप्पट, तिप्पट. अर्धा पिक नसतो!

जरा थांबून बघा, इथं काय हाती लागलं. १९७ ग्रॅम सोन्यात आणि १०८ ग्रॅम चांदीत अणूंची संख्या सारखीच, कारण भारांचं प्रमाणच तसं ठरवलेलं. तेवढ्याच अणूंना तेवढीच वीज लागते, म्हणजे दर अणूमागं विजेचा एक ठरावीक वाटा आहे. सोन्याला एक वाटा, चांदीला एक, मोरचुदातल्या तांब्याला दोन. पदार्थ दाणेदार असेल, तर वीजही दाणेदार असायलाच हवी. एकाला मान्य केलं, की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

हे इतकं स्पष्ट असताना फॅरडेनं ते म्हटलं का? नाही. त्याला अणूंविषयीच भरवसा नव्हता. ही उडी मारायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. १८८१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं लंडनमध्ये उभं राहून सांगितलं, की अणू मानत असाल तर विजेचेही अणू मानावे लागतील. तेही फॅरडेच्या नावाचं स्मृतिव्याख्यान होतं. म्हणजे अशा व्याख्यानांतून अधूनमधून काहीतरी निघतं, अगदीच वेळ जात नाही. जॉर्ज स्टोनी नावाचा आयरिश माणूस हे आधीच म्हणत होता; १८९१ साली त्यानं विजेच्या त्या दाण्याचं बारसं केलं, 'इलेक्ट्रॉन'. बाळ जन्मायच्या आधी बारसं झालं असं म्हणा, कारण कण म्हणून तो पकडला जे. जे. थॉमसननं, १८९७ मध्ये.

मधल्या गोष्टी भराभर सांगतो. द्रावणात मीठ विरघळलं, की त्याचे भार असलेले तुकडे आपोआप सुटे होतात, असं स्वीडनच्या आरेनियसनं १८८४ च्या प्रबंधात मांडलं. परीक्षकांनी त्याला कसंबसं पास केलं, आणि १९०३ साली त्याच विचारासाठी नोबेल मिळालं. अणू खरंच आहेत का, यावर मोठमोठे लोक विसावं शतक उजाडलं तरी अडून बसले होते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची थरथर १९०५ साली आइन्स्टाइननं हिशेबात बसवली, फ्रान्सच्या पेरँनं ती मोजून दाखवली, तेव्हा कुठं बहुतेकांनी मान डोलावली.

पण एका दाण्यावर भार किती? नाणं आहे हे कळलं, किंमत कळली नाही. इथं मला तुमची मदत हवी.

समजा, एका खोलीत पगाराची पाकिटं आहेत. पाळीचा दर किती हे तुम्हाला कोणी सांगत नाही. किती पाळ्या भरल्या तेही नाही. फक्त पाकिटं मोजायची मुभा आहे. पहिल्यात ४,७६० रुपये. दुसऱ्यात ५,४४०. तिसऱ्यात ६,१२०. चौथ्यात ३,४००. दर काढा बघू. … मागून कोण म्हणालं? सहाशे ऐंशी! शाबास. पहिल्याच्या सात पाळ्या, दुसऱ्याच्या आठ, तिसऱ्याच्या नऊ, चौथ्याच्या पाच. हजेरीपट न बघता दर काढलात.

आता एक वाकडा माणूस उठून म्हणतो, कशावरून? दर ३४० असेल आणि सगळ्यांनी योगायोगानं सम संख्येत पाळ्या भरल्या असतील. चार पाकिटांवर त्याला गप्प करता येत नाही. चारशे पाकिटं मोजली आणि एकातही ३४० चा विषम पट निघाला नाही, तर तो आपणच खाली बसेल.

शिकागोच्या विद्यापीठात रॉबर्ट मिलिकननं १९०९ पासून पुढची काही वर्षं नेमकं हेच केलं. त्याची पाकिटं म्हणजे तेलाचे थेंब. अत्तराच्या फवाऱ्यासारख्या फवाऱ्यानं तेल उडवायचं. फवाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडताना थेंब घासतो आणि त्याच्यावर भार येतो. आपल्या वार्पिंगवरच्या धाग्यासारखाच. दोन धातूच्या तबकड्यांमध्ये तो थेंब सावकाश खाली येतो. दुर्बिणीतून तो अंधारातल्या चांदणीसारखा दिसतो. तबकड्यांना काही हजार व्होल्ट दिले, की थेंब थांबतो, किंवा वर चढायला लागतो. किती वेगानं पडला यावरून वजन, किती वेगानं चढला यावरून भार. एकच थेंब तासन् तास वर-खाली. मधेच त्याचा भार बदलला, की चाल एकदम बदलायची, हळूहळू नाही. टप्प्यानं. एक पाळी वाढली, एक कमी झाली.

सगळे भार एकाच आकड्याच्या पटीत निघाले. आज तो आकडा आपण असा लिहितो: दशांशचिन्हानंतर अठरा शून्यं आणि मग १६०२, इतके कूलंब. मिलिकनचा स्वतःचा आकडा थोडा कमी भरला होता, कारण हवेच्या चिकटपणाचा जो आकडा त्यानं धरला तोच चुकीचा होता. १९२३ साली त्याला नोबेल मिळालं.

इथं दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर मी तुम्हाला पोथी सांगितल्यासारखं होईल. पहिली: पाण्याऐवजी तेल वापरायच्या कामात आणि उपकरण उभं करण्यात हार्वी फ्लेचर नावाचा विद्यार्थी होता. पाण्याचे थेंब दिव्याच्या उष्णतेनं बघता बघता उडून जायचे, तेलाचे टिकायचे. सगळा प्रयोग त्यावर उभा राहिला. पण या कामाच्या निबंधावर नाव एकट्या मिलिकनचं गेलं. फ्लेचरनं आपली बाजू लिहून ठेवली, आणि ती छापली गेली तो वारल्यावर. कापडावर मिलचा शिक्का असतो, विणणाऱ्याचा नसतो. इथल्या कोणाला हे नवीन नाही. दुसरी: मिलिकननं १९१३ साली छापलं, की साठ दिवसांत पाहिलेले सगळे थेंब यात आहेत. त्याच्या वह्यांमध्ये मात्र न छापलेले थेंबही आहेत. उत्तर बरोबर आलं म्हणून ते वाक्य बरोबर ठरत नाही. गुरुजींनी त्याला तेवढ्यासाठी बाकावर उभं केलं असतं.

आता भागाकार करा. ९६,४८५ ला त्या चिमुकल्या आकड्यानं भागा. उत्तर येतं ६०२ वर २१ शून्यं. ही आहे १९७ ग्रॅम सोन्यातल्या अणूंची संख्या! अणू न बघता, न शिवता, गल्लीतल्या मुलाम्याचा हिशेब आणि तेलाचा थेंब यांच्या भागाकारातून. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका मुलामा जरीवर असेल, तर त्यात सोन्याच्या अणूंचे साधारण साडेतीनशे-चारशे थर आहेत, हेही त्यातूनच कळतं. तो कारागीर मीटरकडे का बघत होता, लक्षात आलं? काटा एक अँपिअरवर असेल, तर दर सेकंदाला ६२४ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन जाताहेत, आणि दर इलेक्ट्रॉनमागं सोन्याचा एक अणू तारेवर बसतो आहे. त्याचा काउंटर तो. २० मे २०१९ पासून तर अँपिअरची व्याख्याच इलेक्ट्रॉनच्या भारावरून करतात. आधी आपण मापानं दाणे मोजायचो, आता दाण्यांवरून माप ठरतं.

'सर, क्वार्कचं काय?' अशी चिठ्ठी आली आहे. चांगली आहे. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क असतात आणि त्यांचे भार एक तृतीयांश, दोन तृतीयांश असे असतात. मग माझा अर्धा पिक नसतो हा सिद्धांत बुडाला का? काठावर वाचला. ते एकटे कधी बाहेर येत नाहीत. बाहेर येतं ते गाठोडं, आणि गाठोड्याचा भार पूर्णांकातच. सुटा क्वार्क शोधायला लोकांनी तेलाचे थेंब पुन्हा कोट्यवधींनी पाडून बघितले. ३४० चं पाकीट अजून कोणाला सापडलेलं नाही.

पण मला झोपू न देणारा प्रश्न वेगळाच आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १,८३६ पट जड. घडण वेगळी, स्वभाव वेगळा, नात्यातलेही नाहीत. आणि भार? चिन्ह सोडलं तर तंतोतंत सारखा. एकावर २१ शून्यं इतक्या भागांत एका भागाचाही फरक मोजणाऱ्यांना सापडलेला नाही. सारखा नसता, तर ही खुर्ची, ही भिंत, तुम्ही, मी, कोणीच धड राहिलो नसतो. सगळं त्या वार्पिंगच्या धाग्यांसारखं फटकून उडालं असतं. सारखा का आहे? डिरॅक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९३१ साली दाखवलं, की जगात कुठंही एक सुटा चुंबकध्रुव असेल, नुसता उत्तर किंवा नुसता दक्षिण, तर भाराला दाणेदार व्हावंच लागेल. सुंदर हिशेब आहे. फक्त तो ध्रुव अजून कोणाला मिळालेला नाही. सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणाला मिळाला, तर मला पोस्टकार्ड टाका.

बरं, घड्याळ बघतोय. टेबलाखालच्या वस्तू काढतो. ही घरातली जुनी दोन फुटी ट्यूब, पट्टीवरून काढलेली, कुठंही वायर जोडलेली नाही. आणि हा पॉलिएस्टरचा तुकडा, पलीकडच्याच गल्लीतला. यासाठी मला जानेवारी हवा होता. श्रावणात भार टिकत नाही, दमट हवा तो पळवून नेते. तू ये, मघाशी वाकून बघत होतास तोच. ट्यूब एका टोकाला घट्ट धर. दाबू नकोस, काच आहे. कापडानं एकाच दिशेनं झपाझप घासायचं. मागचे भाऊ, दिवे बंद करा, दाराचा पडदाही ओढून घ्या. डोळे अंधाराला सरावायला अर्धा मिनिट लागेल, कोणी मोबाइल काढू नका.

घास आता.